पोलीस ठाण्यात नव्याने रुजू झालात? ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचे नेहमीचे प्रश्न

नाशिकच्या अकादमीतून उपनिरीक्षक होऊन आलेले, किंवा खंडाळा, तुरची, मरोळ, जालना अशा केंद्रांतून शिपाई होऊन आलेले मुलगे-मुली पहिल्या दोन-तीन महिन्यांत मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. परेड, गोळीबार, कायद्याची पुस्तकं हे सगळं तुम्ही शिकून आलेला असता. अडतं ते कागदावर. माझी निम्म्याहून जास्त नोकरी ठाणे अंमलदाराच्या (ठाण्यात आलेली फिर्याद नोंदवून घेणाऱ्याच्या) खुर्चीत आणि रायटरच्या (ठाण्याची कागदपत्रं लिहिणाऱ्याच्या) टेबलावर गेली, म्हणून उत्तरं त्याच बाजूने दिली आहेत.

नवे कायदे आले. मग जुनी कलमं विसरायची का?

नाही. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तिन्ही १ जुलै २०२४ पासून लागू झाले. गुन्हा घडल्याची तारीख त्याआधीची असेल, तर फिर्याद आज आली तरी कलम भारतीय दंड संहितेचंच लागतं. २०२३ सालच्या फसवणुकीची फिर्याद घेऊन आज कोणी आलं तर ४२० लावायचं, ३१८(४) नाही. तपासाची पद्धत मात्र नव्या संहितेप्रमाणे. कोर्टात जुने खटले अजून बरीच वर्षं चालणार आहेत, त्यामुळे दोन्ही आकडे तोंडात असू द्या. खून ३०२ चा १०३ झाला, चोरी ३७९ ची ३०३(२), हयगयीने मृत्यू ३०४-अ चा १०६(१), रात्रीची घरफोडी ४५७ ची ३३१(४). जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं अटकेचं ४१ आता नागरिक सुरक्षा संहितेत ३५ झालं आहे आणि प्रथम खबरीचं (एफआयआरचं) १५४ आता १७३.

दखलपात्र की अदखलपात्र, हे पटकन कसं ओळखायचं?

दखलपात्र म्हणजे ज्याचा तपास मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय करता येतो तो गुन्हा. कोणता कुठे बसतो हे नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक कलमासमोर लिहिलेलं आहे. तो तक्ता छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा. अंदाजाने ठरवू नका, कारण अंदाज हमखास चुकतो अशा जागा आहेत. उदाहरणार्थ, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची, पहिल्यांदाच केलेली चोरी नव्या तक्त्यात अदखलपात्र आहे. न्याय संहितेतली शिवीगाळ ३५२ आणि हातापायाने केलेली साधी मारहाण ११५(२) या अदखलपात्र. घातक हत्याराने दुखापत केली की ११८(१), तो दखलपात्र.

अदखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे आपल्या भाषेत एनसीत, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. फिर्यादीला कोर्टात जाण्याची समज द्यायची आणि नोंदीची प्रत द्यायची. एकाच घटनेत चार कलमं अदखलपात्र आणि एक दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं.

रात्री दोन वाजता साहेब हजर नाहीत. गुन्हा कोण दाखल करणार?

तुम्हीच. प्रभारी अधिकारी ठाण्यात नसेल तर हजर असलेल्यांपैकी त्याच्या खालोखालचा, शिपायाच्या वरच्या दर्जाचा माणूस त्या वेळी प्रभारी ठरतो. हवालदारसुद्धा. ‘साहेब आल्यावर या’ असं सांगून माणसाला परत पाठवलं, तर तीन महिन्यांनी उलटतपासात वकील त्याच उशिराला धरून विचारतो की मधल्या आठ तासांत फिर्याद कोणी रचली. साहेबांना फोन करा, मार्गदर्शन घ्या, पण फिर्यादीला बाकावर बसवूनच.

फिर्याद लिहायची कशी? माझ्या भाषेत की त्याच्या?

त्याच्या. याबद्दल माझ्या हातून झालेली चूक सांगतो.

नोकरीची पहिली वर्षं. बांधाच्या भांडणातून मार खाल्लेली एक म्हातारी रात्री ठाण्यात आली. पदर डोक्याला दाबून धरलेला, पदरावर रक्त सुकलेलं. ती म्हणाली, “मधल्या दिरानं कुऱ्हाडीचा दांडा डोईत घातला, दोनदा.” मी लिहिलं, ‘सदर इसमाने फिर्यादीस डोक्यावर मारहाण करून दुखापत केली.’ मला वाटलं, शुद्ध सरकारी भाषा झाली. त्या एका वाक्यात दांडा गेला, दोनदा गेलं आणि दीर कोणता तेही गेलं. साक्षीला उभी राहिल्यावर म्हातारीने सगळं जसंच्या तसं सांगितलं. वकिलाने शांतपणे विचारलं, “आजी, कुऱ्हाडीचा दांडा पोलिसांना सांगितला होता का?” ती म्हणाली, “सांगितला होता की.” “मग कागदावर का नाही?” तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या खऱ्या बोलण्याला कोर्टाने नंतरची सुधारणा ठरवलं, आणि ते माझ्या लेखणीमुळे. त्या बाईची मान खाली गेलेली मला अजून दिसते.

म्हणून आधी पेन खाली ठेवून सगळं ऐका. मग लिहा. कोण, कुठे, किती वाजता, कशाने, किती वेळा, कोणत्या अंगावर, कोणी पाहिलं, उजेड कशाचा होता, आरोपीला कसं ओळखलं. शिवी दिली असेल तर शिवीचे शब्द लिहा, ‘अश्लील शिवीगाळ’ एवढ्यावर भागवू नका. तो ‘डोई’ म्हणाला तर ‘डोई’च लिहा. उशीर झाला असेल तर का झाला ते त्याच्याच तोंडून यावं: एस.टी. नव्हती, आधी दवाखान्यात गेलो, घाबरलो होतो. शेवटी आपण सगळे ठराविक वाक्य टाकतो, ‘फिर्याद वाचून पाहिली, ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’. ते वाक्य खरं होऊ द्या. वाचता येत नसेल तर मोठ्याने, सावकाश वाचून दाखवा आणि मगच सही किंवा अंगठा घ्या. प्रत मोफत द्यायची असते, आणि ती त्याच वेळी द्या.

घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली आहे. त्याला तिकडे पाठवू का?

नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता सरळ लिहिलं आहे की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यायचीच. झिरोने, म्हणजे शून्य क्रमांकाने, दाखल करून त्या ठाण्याकडे वर्ग करायचा. रेल्वेतली चोरी, प्रवासातली छेडछाड, परगावच्या रुग्णालयात दाखल झालेला जखमी, अशा वेळी माणूस जिथे पोहोचेल ते ठाणे त्याचं. ऑनलाइन आलेली खबरही नोंदवता येते. खबर देणाऱ्याची सही मात्र तीन दिवसांच्या आत हवी.

आधी चौकशी करून मग गुन्हा दाखल केला तर चालतं का?

ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद बंधनकारक आहे. नव्या संहितेने एक वाट ठेवली आहे. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षकांची परवानगी घेऊन, प्रथमदर्शनी तथ्य आहे का एवढंच पाहण्यासाठी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. अर्ज महिनोन्‌महिने ‘चौकशीवर’ ठेवायला ही तरतूद नाही. आपण नोंद नाकारली तर माणूस अधीक्षकांकडे आणि तिथून मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकतो, आणि आदेश घेऊन आपल्याच टेबलासमोर परत येतो.

स्टेशन डायरी आणि केस डायरी एकच का?

नाही. स्टेशन डायरी ठाण्याची: कोण आलं, कोण रवाना झालं, कोणाला आणलं, कोणता कॉल आला, हत्यार कोणाला दिलं. वेळेच्या क्रमाने, घडेल तसं. केस डायरी एका गुन्ह्याच्या तपासाची, कलम १९२ ची. तपासी अंमलदाराने रोज काय केलं, कुठे गेला, किती वाजता परतला. तिला पानांचे क्रमांक असायलाच हवेत. कोर्ट ती मागवून पाहू शकतं. पाच दिवसांची डायरी एकदम लिहायला बसू नका. शाई, वेळा आणि मोबाईलचं लोकेशन एकमेकांशी जुळत नाहीत.

घटनास्थळ पंचनाम्यात नेमकं काय लिहायचं?

जे दिसतं ते. अनुमान नाही. ‘चोरट्यांनी दरवाजा तोडून प्रवेश केला’ हे पंचांनी पाहिलेलं नसतं. पंचांना काय दिसतं? पूर्वेकडे तोंड असलेला दोन फळ्यांचा लाकडी दरवाजा, उजव्या फळीचा कोयंडा उचकटून लोंबतोय, चौकटीवर दोन बोटं रुंदीची ताजी खोच, उंबऱ्याजवळ कुलूप लागलेल्या स्थितीत पडलेलं, आतल्या खोलीत लोखंडी कपाट उघडं, खालच्या खणातले कपडे जमिनीवर. एवढं लिहिलं की चोर कसा शिरला हे वाचणाऱ्याला आपोआप समजतं.

सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, चतुःसीमा, अंतरं (अंदाजे नको, टेप लावून), विजेचा खांब किती अंतरावर आणि त्याचा दिवा चालू की बंद, सीसीटीव्ही कुठे. उजेडाबद्दल विशेष सांगतो, कारण रात्रीच्या घटनेत ओळख पटण्याचा सगळा मुद्दा त्या एका दिव्यावर टांगलेला असतो. पंचनाम्यात खांब नसेल, तर साक्षीदाराने कितीही शपथेवर सांगितलं तरी वकील त्याला अंधारातच उभा करतो.

झडतीसाठी दोन किंवा अधिक पंच हवेत, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित, शक्यतो त्याच भागातले. दर वेळी ठाण्यासमोरचा चहावालाच पंच असेल तर कोर्टाला तो तोंडओळखीचा होतो. त्याचं नाव दहाव्या पंचनाम्यात पाहिलं की उरलेल्या नवांवरही शंका येते.

झडतीचं चित्रीकरण सक्तीचं आहे का?

हो. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्ती सुरू होण्यापासून याद्या होऊन सह्या होईपर्यंत सगळं ध्वनिचित्रमुद्रित करायचं, आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. मोबाईल चालतो. त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळाला भेट देण्याची तरतूद कलम १७६(३) मध्ये आहे. ते येईपर्यंत तुमचं काम एकच, जागा राखणं. दोरी बांधा, एक माणूस उभा करा, आत जाणाऱ्या-येणाऱ्यांची नावं लिहा. पुढारी असो की वरिष्ठ, नाव लिहा.

मुद्देमालाची काळजी म्हणजे नेमकं काय?

पाकीट, लेबल, पंचांच्या सह्या, लाखेचं सील, मुद्देमाल रजिस्टरला नोंद, कारकुनाची पोच. रक्ताचा कपडा ओला असताना प्लास्टिकमध्ये बांधू नका, कुजतो. सावलीत वाळवून कागदात ठेवा. प्रयोगशाळेकडे नमुना घेऊन जाणाऱ्या अंमलदाराची रवानगी आणि पोच दोन्ही जपा. ठाण्यातून सोमवारी निघालेला नमुना तिथे गुरुवारी जमा झाला असेल तर मधले दिवस तो कोणाच्या ताब्यात होता, हे कागदाने सांगता आलं पाहिजे.

सीसीटीव्हीच्या फुटेजला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलची ओळख पटवणारा संगणकी आकडा) लिहायची असते. दुकानदाराचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) किती दिवसांनी जुनं चित्रण पुसतो हे पहिल्याच दिवशी विचारा. बरेच पुरावे आपण ‘उद्या नेऊ’ म्हटल्यामुळे गेले आहेत.

साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची का?

पोलिसांनी कलम १८० खाली घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नाही, कलम १८१ ती मनाई करतं. फिर्यादीवर सही हवी, पंचनाम्यावर पंचांची हवी. नवख्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. शिवाय स्त्री, १५ वर्षांखालील मुलगा, ६० वर्षांवरची व्यक्ती, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. आपण त्यांच्या घरी जायचं.

आरोपीने पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा नाही. तिच्यातून एखादी वस्तू मिळाली तर फक्त त्या शोधापुरता भाग चालतो, साक्ष्य अधिनियम कलम २३. म्हणून निवेदन पंचनाम्यात (वस्तू काढून देतो असं आरोपी सांगतो, त्या नोंदीत) आरोपीचे शब्द जसेच्या तसे हवेत आणि पंच त्याच्यासोबत सुरुवातीपासून हवेत. खड्डा आधी उकरून ठेवून पंचांना नंतर बोलावणं हा पुरावा नाही, फसवणूक आहे. आणि कबुलीसाठी हात उचलू नका. मारून मिळालेली कबुली कोर्टात टिकत नाही, आणि मारलेला माणूस निर्दोष निघाला तर त्याची भरपाई कुठल्याच कागदाने होत नाही.

नाव आलं की लगेच अटक करायची ना?

नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे, याची कारणं लिहावी लागतात. गरज नसेल तर कलम ३५(३) ची नोटीस. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बजावलं, आणि मॅजिस्ट्रेट रिमांडच्या वेळी ती कारणं वाचतात. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. हातात द्या, पोच घ्या. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा आणि आरोपी दुर्बल किंवा साठीच्या पुढचा असेल, तर अटकेला उपअधीक्षकांची परवानगी लागते.

अटक केली. आता कोणते कागद?

गणवेशावर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटक पंचनाम्यावर कुटुंबातल्या किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष. नातेवाईक किंवा मित्राला कळवल्याची नोंद, कोणाला, कोणत्या नंबरवर, किती वाजता. अंगझडती आणि मिळालेल्या वस्तूंची पावती. वैद्यकीय तपासणी. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क सांगितल्याची नोंद. यातलं बरंचसं डी. के. बसू प्रकरणाच्या निकालातून आलं आणि पुढे कायद्यात बसलं.

अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. कलमांचे आकडे म्हणजे कारणं नव्हेत. ‘अमुक दिवशी अमुक ठिकाणी तू हे केल्याचा हा पुरावा आहे’ असं लिहावं लागतं. परप्रांतीय मजुराला मराठी कागद देऊन सही घेतली तर तो कागद दिला नाही असंच धरलं जाईल.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करत नाहीत. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

२४ तास कधीपासून मोजायचे?

माणसाला तुम्ही अडवून धरलंत तेव्हापासून. डायरीत अटक दाखवली तेव्हापासून नव्हे. ‘चौकशीला आणलंय, अजून अटक नाही’ असा प्रकार कायद्यात नाही. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, सुट्टी असली तरी. त्या दिवशी कोणते न्यायाधीश रिमांडला आहेत हे पैरवी अंमलदाराला (ठाण्याचं कोर्टातलं काम पाहणाऱ्याला) माहीत असतं.

पीसीआर, एमसीआर म्हणजे काय?

पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांचीच, पण आता ती पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. रिमांड रिपोर्टात ‘तपास बाकी आहे’ एवढंच लिहिलं तर न्यायाधीश नाकारतात. हत्यार हस्तगत करायचं, साथीदार शोधायचा, असं नेमकं लिहा. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ही तारीख केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा.

आरोपी अल्पवयीन निघाला तर?

तो आरोपी नाही, विधीसंघर्षग्रस्त बालक. बेडी नाही, कोठडी नाही, गणवेशातली चौकशी नाही. ठाण्याच्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्या आणि बाल न्याय मंडळासमोर हजर करा. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या) प्रकरणात पीडित मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, साध्या वेशात घ्यायचा. नाव, शाळा, गल्ली काहीही बाहेर जाता कामा नये. ठाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला कागदही बाहेर गेलेलाच असतो.

मुलगी हरवली म्हणून आई-बाप आले आहेत. चोवीस तास थांबायला सांगायचं का?

एक मिनिटही नाही. असा कोणताही नियम नाही. अठरा वर्षांखालील मूल असेल तर अपहरणाचा गुन्हा दाखल करायचा. प्रौढ असेल तर मिसिंग दाखल करायची. फोटो, अंगावरचे कपडे, मोबाईल नंबर, शेवटचं कोणाशी बोलणं, आणि लगेच बिनतारी संदेश.

अकस्मात मृत्यू, एडी, म्हणजे गुन्हा का?

अजून नाही. कलम १९४ खालची ती चौकशी आहे, मरण कशाने आलं हे शोधण्यासाठी. मरणोत्तर पंचनामा करा, प्रेत शवविच्छेदनाला पाठवा, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवा. गळफास असेल तर गाठ कापू नका, दोर गाठीपासून दूर कापा. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना विवाहितेचा मृत्यू झाला तर माहेरच्यांना स्वतः कळवा आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्या.

अ, ब, क समरी कशाला म्हणतात?

तपास करून दोषारोपपत्र जात नाही तेव्हा कोर्टाकडे मागायचा शेवट. गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही, ती ‘अ’. फिर्याद जाणूनबुजून खोटी, ती ‘ब’. खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमज किंवा दिवाणी वाद, ती ‘क’. ‘ब’ मागताना हात जपून चालवा. पुरावा न मिळणं आणि फिर्याद खोटी असणं यांत फार अंतर आहे, आणि त्या एका अक्षराने फिर्यादी गावात खोटा ठरतो.

फिर्यादी दर आठवड्याला येऊन विचारतो, माझ्या गुन्ह्याचं काय झालं. सांगायचं का?

सांगायचं. कलम १९३ प्रमाणे ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवणं आता बंधनकारक आहे, मोबाईलवर संदेश पाठवला तरी चालतो. मी ९० दिवसांची वाट पाहत नाही. चोरीला गेलेल्या मोटारसायकलचा मालक दारात दिसला की आधी त्याला बसायला सांगतो, रजिस्टर उघडून गुन्हा रजिस्टर नंबर वाचतो, आणि तपास कोणाकडे आहे ते त्या अंमलदाराच्या नावानिशी आणि फोन नंबरसह चिठ्ठीवर लिहून देतो.